योग, बीपी आणि शुगर: दवाखान्यात आणि सतरंजीवर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी साताऱ्यात फिजिशियन आहे आणि सकाळी दवाखाना उघडण्याआधी एक छोटा योगवर्गही घेतो. त्यामुळे दोन्हीकडचे प्रश्न माझ्यापर्यंत येतात. केबिनमध्ये लोक विचारतात, "डॉक्टर, योगा सुरू करू का?" आणि तीन आठवड्यांनी तेच लोक सतरंजीवर बसून विचारतात, "आता गोळी बंद करू का?" पहिल्याचं उत्तर बहुतेक वेळा हो असतं, दुसऱ्याचं बहुतेक वेळा नाही. या दोन उत्तरांच्या मधलं सगळं खाली लिहिलं आहे.

योगामुळे बीपी खरंच उतरतं का? किती?

उतरतं. पण आकडा ऐकल्यावर काहींचा चेहरा पडतो. २०१४ साली ३७ चाचण्या आणि त्यातली २,७६८ माणसं एकत्र धरून एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. योग करणाऱ्यांचं वरचं बीपी, न करणाऱ्यांच्या तुलनेत, सरासरी ५ अंकांनी कमी झालेलं दिसलं. म्हणजे १५० चं १४५.

"एवढंच?" असं म्हणू नका. औषधांच्या मोठमोठ्या अभ्यासांतून दिसलं आहे की वरचं बीपी ५ ने उतरलं, तर हृदयविकाराचा झटका, पक्षाघात अशा घटना साधारण १० टक्क्यांनी कमी होतात. हा हिशेब गोळ्यांचा आहे, तो योगाला जसाच्या तसा लावता येत नाही. पण ५ अंक किरकोळ नाहीत, एवढं त्यावरून कळतं. शिवाय ही सरासरी आहे. कुणाचं दहाने उतरतं, कुणाचं ढिम्म हलत नाही.

या संशोधनाची एक मूळची अडचणही माहीत असावी. औषधाच्या चाचणीत अर्ध्या लोकांना खोटी गोळी देता येते. खोटं शवासन देता येत नाही. आपण योग करतोय हे करणाऱ्याला ठाऊक असतंच, आणि नुसत्या त्या समजुतीनेही बीपी थोडं उतरतं.

हे सगळं परदेशी संशोधन. आपल्याकडे कुणी मोजलंय का?

हा प्रश्न मला फार आवडतो, कारण मोजायला सुरुवातच आपल्याकडे झाली. स्वामी कुवलयानंद, म्हणजे पूर्वाश्रमीचे जगन्नाथ गणेश गुणे, यांनी १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधाम काढलं आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक सुरू केलं. तिथे नौली (पोटाचे स्नायू आवळून फिरवण्याची क्रिया) करताना पोटात किती दाब पडतो, शीर्षासन-सर्वांगासनात रक्तदाबाचं काय होतं, हे उपकरणं लावून पाहिलं जात असे. नौलीत मोठ्या आतड्यात जी पोकळी तयार होते, तिला त्यांनी आपल्या गुरूंचं, माधवदासजींचं नाव दिलं. गुरूचं नाव आणि मॅनोमीटरचा, म्हणजे दाब मोजणाऱ्या उपकरणाचा, आकडा एकाच कागदावर! १९२७ साली गांधीजींचं बीपी वाढलं आणि त्यांना सक्तीची विश्रांती घ्यावी लागली, तेव्हा त्यांनीही कुवलयानंदांशी पत्रव्यवहार केला होता.

दुसरी गोष्ट मुंबईची. केईएम रुग्णालयातले हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते यांनी बीपीच्या ४७ रुग्णांना शवासन शिकवलं. त्यांच्या जोडीला डॉ. देशमुख, डॉ. दळवी आणि कैवल्यधामचे डॉ. विनेकर होते. १९६९ साली 'अँजिऑलॉजी' या अमेरिकी नियतकालिकात त्यांचा निबंध आला. ज्यांचं बीपी गोळ्यांनी आटोक्यात होतं, त्यांच्यापैकी बऱ्याच जणांचा डोस कमी करता आला. मात्र सगळ्यांचा नाही, हेही त्याच निबंधात स्वच्छ लिहिलेलं आहे. नुसतं पडून राहणं हा उपचार म्हणून तपासण्याची कल्पना त्या काळी कुणाला सुचली, याचंच मला अप्रूप वाटतं.

पुढे १९७५ मध्ये इंग्लंडमधल्या डॉ. चंद्रा पटेल यांनी ३४ रुग्णांचे दोन गट करून हेच अधिक कसून तपासलं. श्वास, शिथिलीकरण आणि ध्यान शिकलेल्या गटाचं वरचं बीपी सुमारे २६ ने उतरलं. दुसऱ्या गटाला काहीच शिकवलं नव्हतं, फक्त तेवढाच वेळ कोचावर आराम करायला सांगितलं होतं. त्यांचंही सुमारे ९ ने उतरलं. म्हणून कुणी "आमच्या आसनाने बीपी इतकं उतरलं" असं सांगितलं, की मी आधी विचारतो, त्यातलं कोचावरचं किती?

शरीरात नेमकं होतं काय?

मानेतल्या मोठ्या धमन्यांमध्ये आणि हृदयातून निघणाऱ्या महाधमनीत दाब ओळखणाऱ्या पेशी असतात. दाब वाढला की त्या मेंदूला कळवतात, मेंदू हृदयाला "जरा सबुरीने" म्हणतो आणि रक्तवाहिन्या सैल सोडतो. बीपीच्या रुग्णात ही यंत्रणा बोथट झालेली असते. सावकाश श्वासाने ती थोडी तल्लख होते.

सावकाश म्हणजे किती? एरवी आपण मिनिटाला १२ ते २० श्वास घेतो. इटलीतल्या संशोधकांनी २००१ मध्ये २३ निरोगी माणसांवर एक गमतीचा प्रयोग केला: कॅथलिक जपमाळेची लॅटिन प्रार्थना किंवा 'ॐ मणि पद्मे हुं' म्हणायचं. दोन्हींत श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास आला आणि दाबाची ही यंत्रणा सुधारली. म्हणजे हृदयाला मंत्र कोणत्या धर्माचा हे कळत नाही, लय कळते. माझी आजी दिवेलागणीला संथपणे रामरक्षा म्हणायची, तिचं बीपी कुणी कधी मोजलं नाही. मोजायला हवं होतं.

दुसरा भाग ताणाचा. सतत तणावात राहिलं की ॲड्रिनलिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरकं चढी राहतात. त्याने नाडी वाढते, यकृत रक्तात जास्त साखर सोडतं, पोटावर चरबी साठते. शिथिलीकरणाने हा रेटा कमी होतो. तिसरा भाग साधा व्यायामाचा: स्नायू वापरले की ते रक्तातली साखर ओढून घेतात.

रोज तासभर योग करतो. मग चालायची गरज नाही ना?

आहे. इथे मी थोडा कडक होतो.

स्वस्थ बसल्यावर शरीर जेवढी ऊर्जा वापरतं त्याला १ धरलं, तर नेहमीची आसनं सुमारे अडीचपट ऊर्जा खातात. भरभर चालणं चारपटीच्या वर जातं. तीनपटीच्या पुढे गेलं तरच त्याला 'मध्यम श्रमाचा' व्यायाम म्हणतात, आणि जागतिक आरोग्य संघटनेने आठवड्याला किमान १५० मिनिटं सांगितली आहेत ती या मध्यम श्रमाची. म्हणजे पवनमुक्तासन आणि वज्रासन कितीही मनापासून केलं तरी ते या खात्यात जमा होत नाही.

अंदाज घ्यायचा सोपा मार्ग: चालताना बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये. अजिंक्यताऱ्याची चढण हे काम फुकटात करून देते.

आणि सूर्यनमस्कार?

ते मधल्या जागी बसतात, साधारण सव्वातीनपट. वेगाने घातले तर आणखी वर. त्यामुळे वीस-पंचवीस मिनिटं न थांबता घातलेले सूर्यनमस्कार मी व्यायामात धरतो. पाच घालून दहा मिनिटं गप्पा मारल्या, तर धरत नाही.

आमच्याच जिल्ह्यातल्या औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी गेल्या शतकाच्या सुरुवातीला संस्थानभर, शाळाशाळांतून सूर्यनमस्कार रुजवले. त्यामुळे सातारकरांना हा विषय घरचा वाटतो. पण शाळेत असताना शंभर घालत होतो म्हणून पन्नाशीत, पोट सुटल्यावर, रथसप्तमीला एकदम १०८ घालायला जाऊ नका. दरवर्षी एखादा तरी तसा वीर खांदा किंवा कंबर धरून माझ्याकडे येतो. सहापासून सुरू करा, आठवड्याला दोन-दोन वाढवा. बीपी जास्त असेल तर डोकं खाली जाणाऱ्या स्थितीत रेंगाळू नका आणि श्वास कुठेही कोंडू नका.

शुगरवर परिणाम होतो का?

ज्यांना मधुमेह आहे त्यांच्यात होतो, माफक. १२ चाचण्या आणि ८६४ रुग्ण एकत्र धरलेल्या २०१७ च्या आढाव्यात योगाची जोड दिलेल्यांची तीन महिन्यांची सरासरी शुगर, म्हणजे एचबीएवनसी, जवळजवळ अर्ध्या टक्क्याने कमी आली. ८.० चं साडेसात म्हणा. काही गोळ्या एवढंच काम करतात. वर सांगितलेल्या ३७ चाचण्यांच्या आढाव्यात मात्र शुगरवर ठळक परिणाम दिसला नव्हता. त्यात सगळ्या प्रकारची माणसं होती, आणि ज्यांची शुगर मुळात ठीक आहे त्यांची ती आणखी कुठे उतरणार?

यात एक धोका आहे आणि तो वर्गात क्वचितच सांगितला जातो. तुम्ही इन्सुलिन घेत असाल किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेत असाल, तर पहाटे उपाशीपोटी तासभर व्यायाम केल्याने शुगर खूप खाली जाऊ शकते. घाम, थरथर, गोंधळल्यासारखं होणं ही लक्षणं. सतरंजीशेजारी ग्लुकोजची पुडी किंवा साखर ठेवा. मेटोप्रोलॉलसारखी नाडी मंद करणारी गोळी चालू असेल तर धडधड आणि थरथर जाणवतच नाही, फक्त घाम येतो. वर्गात मध्येच कुणाला दरदरून घाम फुटला तर "डिटॉक्स होतंय" म्हणून कौतुक करू नका, आधी साखर द्या. तोंडात घातलेलं गिळता येत नसेल किंवा शुद्ध हरपली असेल, तर मात्र तोंडात काही न घालता थेट रुग्णालय गाठा.

मी तर बारीक आहे. मला मधुमेहाची काय भीती?

पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचा एक फोटो मी दवाखान्यात नेहमी सांगतो. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये तो आला. त्यात याज्ञिक आणि त्यांचे लंडनचे सहकारी जॉन युडकिन शेजारी उभे आहेत. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या हिशेबात वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. वजनकाटा दोघांना एकच माणूस समजत होता. दिसायला सडपातळ पण आतून चरबीदार, ही आपली भारतीय ठेवण.

म्हणून वजनापेक्षा कंबर मोजा. पुरुषांची ९०, बायकांची ८० सेंटिमीटरच्या आत हवी. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि आणखी साडेतेरा कोटी उंबरठ्यावर उभे आहेत. उंबरठ्यावरच्यांनी आजच सतरंजी अंथरावी, आणि सोबत थोडं वजन उचलण्याचा व्यायामही करावा. आपल्या बारीक माणसाकडे मुख्य तुटवडा स्नायूंचा असतो, आणि तो नुसत्या प्राणायामाने भरून निघत नाही.

कोलेस्टेरॉल? वजन?

त्याच ३७ चाचण्यांत वाईट कोलेस्टेरॉल सरासरी १२ ने आणि वजन दोन-सव्वादोन किलोने कमी झालं. स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी, लागणार असेल तर ती लागणारच.

योगाने ब्लॉकेज उघडतात असं व्हॉट्सॲपवर आलं होतं.

त्या मेसेजच्या मुळाशी एक खरा अभ्यास आहे. अमेरिकेतल्या डॉ. डीन ऑर्निश यांनी १९९० मध्ये तो प्रसिद्ध केला. २८ हृदयरुग्णांनी वर्षभर जगणंच बदललं: जवळजवळ बिनतेलाचा शाकाहार, सिगारेट बंद, चालणं, रोज तासभर योगावर आधारलेलं ताणनियमन आणि गटात बसून मन मोकळं करणं. वर्षाअखेरीस धमन्यांतला अडथळा सरासरी ४० टक्क्यांवरून ३७.८ वर आला. नेहमीचेच उपचार घेणाऱ्या दुसऱ्या गटात तो वाढला होता. म्हणजे वाढायच्या ऐवजी थोडा ओसरला, हे मोठंच यश. पण नळ मोकळा व्हावा तसा रस्ता उघडला नाही, आणि श्रेय एकट्या योगाचं नव्हे. मिसळीचा कट तसाच ठेवून फक्त अनुलोम-विलोमने हे घडेल, असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही.

मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो आपल्या देशातला 'योग-केअर' अभ्यास. २४ रुग्णालयं, झटका येऊन गेलेले ३,९५९ रुग्ण, तीन महिन्यांत १३ योगवर्ग आणि पुढे घरी सराव. सुमारे पावणेदोन वर्षांनी पाहिलं तर योगगटात मृत्यू, पुन्हा झटका, पक्षाघात किंवा तातडीने रुग्णालयात भरती, यांपैकी काहीतरी घडलेले ६.७ टक्के होते आणि दुसऱ्या गटात ७.४ टक्के. हा फरक इतका लहान आहे की तो निव्वळ योगायोगही असू शकतो. मात्र योगगटातल्या लोकांना स्वतःला बरं वाटत होतं आणि झटक्याआधीची कामं ते जास्त प्रमाणात पुन्हा करू लागले होते. २०२० साली हे प्रसिद्ध झालं तेव्हा काही योगप्रेमी हिरमुसले. मी नाही. झटक्यानंतर बाजारात एकट्याने जायला घाबरणारी माणसं मी रोज पाहतो. ती भीती जाणं हे काही थोडं नव्हे. आणि आपल्याकडच्या बहुसंख्य रुग्णांना झटक्यानंतर व्यायामाचं रीतसर पुनर्वसन मिळतच नाही, तिथे एक सतरंजी आणि एक शिक्षक एवढ्यावर चालणारा कार्यक्रम सोन्याच्या मोलाचा आहे.

सासऱ्यांची बायपास झाली आहे. कधी सुरू करू द्यावं?

पडल्यापडल्या सावकाश श्वास आणि शवासन घरी आल्यापासून चालतं. पण छातीचं हाड कापून जोडलेलं असतं. ते पक्कं व्हायला साधारण तीन महिने लागतात. तोवर हातांवर भार येणारं काहीही नको: भुजंगासन नाही, दंडस्थिती नाही, सूर्यनमस्कार नाहीत. अंथरुणातून उठतानाही हातांनी रेटून न उठता कुशीवर वळून उठायला सांगा. अँजिओप्लास्टी झाली असेल तर हाडाचा प्रश्न नसतो, बहुतेक जण काही आठवड्यांत हलकी आसनं करू शकतात. मात्र तारीख तुमच्या हृदयरोगतज्ज्ञांकडून घ्या, शेजारच्या काकांकडून नव्हे.

बीपी आहे. कपालभाती करू का?

बीपी आटोक्यात नसेल, नुकताच झटका येऊन गेला असेल, हर्निया असेल, फिट येत असतील किंवा पोटात बाळ असेल, तर नको. भस्त्रिकाही नको. टीव्हीमुळे अनेकांना प्राणायाम म्हणजे फटाफट पोट मारणं एवढंच ठाऊक आहे. आपल्याला हवा आहे तो नेमका उलटा, सावकाश श्वास. चार मोजत आत, सहा मोजत बाहेर, दहा मिनिटं. भ्रामरी, अनुलोम-विलोम उत्तम, पण कुंभक न करता, म्हणजे श्वास न रोखता.

शीर्षासन?

वर्षानुवर्षं करत असाल, बीपी आणि डोळे ठीक असतील, तर तुमची मर्जी. नव्याने सुरू करायला हृदयरुग्णाला मी सांगत नाही. चेन्नईच्या नेत्रतज्ज्ञांनी मोजलं तेव्हा शीर्षासनात डोळ्यांतला दाब साधारण दुप्पट झालेला आढळला. काचबिंदू असेल किंवा मधुमेहामुळे पडद्यावर रक्तस्राव झाला असेल, तर डोकं खाली करणं म्हणजे जुगार आहे. पाय भिंतीला टेकवून पडून राहा, पुष्कळ झालं.

मग गोळी कधी बंद होईल?

काहींची कमी होते, मोजक्यांची बंद होते, बऱ्याच जणांची चालू राहते. माझ्या वर्गातल्या एका काकांनी दोन महिन्यांत बरं वाटायला लागलं म्हणून बीपीची गोळी परस्पर सोडली. "डोकं दुखत नाही, म्हणजे बीपी नाही," असा त्यांचा हिशेब. महिन्याभराने मोजलं तर १९० वर होतं आणि तेव्हाही डोकं दुखत नव्हतं. बीपी दुखत नाही, हीच तर त्याची खोड. माझीही चूक होती. वर्गात त्यांचं बीपी मी एकदाही मोजलं नव्हतं. तेव्हापासून सतरंज्यांच्या गठ्ठ्याशेजारी बीपीचं मशीन असतं.

डोस कमी करायचा तर आकडे दाखवून, डॉक्टरांनी, एका वेळी एक पाऊल. आणि शवासनातून उठताना चक्कर येत असेल तर तेही सांगा. कदाचित डोस कमी करायची वेळ खरोखरच आलेली असेल.

वर्गात छातीत दुखलं तर?

थांबा. छातीवर दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, घाम, धाप यांपैकी काहीही झालं तर "गॅस असेल" म्हणून पवनमुक्तासन करत बसू नका. १०८ ला फोन करा. मधुमेहींना आणि बायकांना पुष्कळदा दुखतच नाही, नुसती धाप लागते किंवा गळून गेल्यासारखं होतं.

घरी बीपी कसं मोजू? योग झाल्यावर लगेच?

लगेच नाही. शवासनानंतर लगेच आलेला ११८ चा आकडा मला मोबाइलवर पाठवणारे पुष्कळ आहेत. तो आकडा खरा असतो, पण तो सतरंजीवरचा. मला उरलेल्या तेवीस तासांचा हवा आहे. म्हणून सकाळी गोळी घेण्याआधी, चहाआधी, योगाआधी मोजा. पाठ टेकून, पाय जमिनीवर, पाच मिनिटं गप्प बसा, पट्टा हृदयाच्या उंचीवर बांधा, दोनदा मोजा, दोन्ही आकडे वहीत लिहा. संध्याकाळी पुन्हा. सात दिवस असं करून वही घेऊन या, आणि योग सुरू केलेल्या दिवशी त्या पानावर एक आडवी रेघ मारून ठेवा.